धडधडत्या छातीने धरलेला नेम

१ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरू गावच्या नेमबाजी रेंजवर ऑलिंपिकची अंतिम फेरी सुरू व्हायची होती. स्वप्नील कुसाळेने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, पोटात काळा चहा तेवढा गेला होता. छाती जोरात धडधडत होती, हे पदक जिंकल्यावर त्याने स्वतःच सांगितले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरातला हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या दिवशी त्याने कांस्यपदक मिळवले. कुस्तीपटू खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली होती.

धडधडणारी छाती आणि स्थिर हात ही जोडी विलक्षण वाटते. शांत माणूस म्हणजे ज्याला काही होतच नाही तो, अशी आपली समजूत असते. मुलाखतीला जाताना हात थरथरले की आपण स्वतःवरच चिडतो आणि ‘मी घाबरट आहे’ असा निकाल देऊन टाकतो. नेमबाजांचा अनुभव वेगळेच सांगतो.

स्वप्नीलच्या प्रकाराचे नाव ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. त्या अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथे झोपून १५, शेवटी उभे राहून. लक्ष्याच्या मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पन्नास मीटरवरून ते टिपायचे, तर नळीचे टोक केसभर हललेलेही चालत नाही. उभ्याने सगळ्यात कठीण, कारण रायफलीचे वजन पेलताना शरीराचा प्रत्येक हेलकावा नळीपर्यंत पोहोचतो. नाडीचा ठोकासुद्धा. म्हणून अंगात जाड जाकीट, हातात मोजा. हृदयाची गती मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधे या खेळात बंद आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची दोन पदके याच कारणाने काढून घेतली गेली.

औषध घ्यायचे नाही, मग उरतो श्वास. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे. लांब, सावकाश उच्छ्वासाने जीव थाऱ्यावर येतो तो यामुळेच. नेमबाज श्वास सोडतो, काही क्षण थांबतो आणि त्या शांततेत चाप ओढतो. थांबणे फार लांबले तर नजर धूसर होऊ लागते, स्नायू थरथरतात. अशा वेळी कसलेला नेमबाज चाप ओढत नाही. तो रायफल खाली घेतो, दम घेतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. घड्याळ पळत असताना, शेजारी धडाधड गोळ्या सुटत असताना हे करायला केवढी छाती लागते! या खेळातले सगळ्यात मोठे कसब कोणते असेल, तर न उडवलेल्या गोळीचे.

याची दुसरी बाजू अमेरिकेच्या मॅट एमन्सने भोगली. २००४ मध्ये अथेन्सला याच प्रकारात तो शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे होता. साधारण नेम लागला असता तरी सुवर्ण त्याचेच होते. त्याने नेम धरला, चाप ओढला आणि गोळी शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर लागली. गुण शून्य, क्रमांक आठवा. नेम धरताना आधी लक्ष्यावरचा क्रमांक बघायचा आणि मग नेम खाली वर्तुळावर आणायचा, ही त्याची रोजची रीत. त्या गोळीला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता आणि क्रमांक बघायचेच राहून गेले, असे त्याने नंतर सांगितले. शांत होण्याच्या धडपडीनेच त्याचे लक्ष कामावरून उडवले.

हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच्याशी जुळतात. लोकांना भाषण, गणित अशी ताणाची कामे दिली. ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण समजण्यासारखे आहे. हुरूप असो की भीती, छाती दोन्हीकडे धडधडतेच. तिचे नाव बदलणे जमते, तिला दटावून गप्प करणे जमत नाही.

कचेरीतल्या माणसाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. साहेबांचा तिखट ईमेल येतो, तळहाताला घाम सुटतो आणि बोटे उत्तर टंकू लागतात. ती वेळ रायफल खाली घेण्याची असते. दोन लांब उच्छ्वास टाकावेत, पाणी प्यावे, मग पत्र पुन्हा वाचावे. सादरीकरणाआधी फाइल उघडते का, पहिले वाक्य कोणते, आकडे कुठल्या पानावर, हा क्रम रोज तोच ठेवला तर ऐन वेळी हात आपोआप त्या वाटेने जातात. एमन्सचा क्रम एकदाच मोडला होता.

स्वप्नीलनेही असा फटका खाल्ला होता. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना उभ्याने मारलेली एक गोळी ७.६ वर गेली. वैयक्तिक पदक हुकले, तो चौथा आला.

शातोरूत तो गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा होता, पालथ्या फेरीनंतर पाचवा. गुणफलकाकडे बघितलेच नाही, असे तो म्हणतो. उभ्याने मारलेल्या पहिल्या दहा गोळ्यांनी त्याला तिसऱ्या जागी आणले. आता प्रत्येक गोळीनंतर एक जण बाहेर पडणार होता. ४१ वी गोळी १०.५. ४२ वी घसरली, ९.४. त्याच्यामागे हांगझोऊची आठवण उभी होती. पुढची ९.९ लागली, तिच्या पुढची १०.०, आणि ४४ गोळ्यांत ४५१.४ गुणांवर त्याचे कांस्यपदक नक्की झाले.