शेवटची ओव्हर कुणाला?

भात कापून झोडणी उरकली की भोर-वेल्ह्यात खाचरांची मैदानं होतात. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, मधल्या पट्टीवर पाणी मारून रोलर फिरवायचा. बांधाच्या कडेने चुना टाकला की सीमारेषा तयार. मग नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत 'फुलपीच टेनिस बॉल' स्पर्धांचे फ्लेक्स लागतात. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं रविवारची सुट्टी राखून ठेवतात. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं, तरी संघ गावाच्या नावानेच उतरतात.

सामना सहा-आठ षटकांचा असतो आणि एका गोलंदाजाला फार तर दोन षटकं मिळतात. समोरच्यांना शेवटच्या सहा चेंडूंत चौदा धावा हव्यात, पण हुकमी गोलंदाजाची दोन्ही षटकं आधीच संपलेली आहेत. कर्णधार एकेकाकडे बघतो, तसा जो तो मान खाली घालून पँटला हात पुसल्यासारखं करतो. "दे इकडे, मी टाकतो" म्हणणारा पोरगा संघात असला, तर निम्मं काम तिथेच होतं.

शेवटी चेंडू कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या बेसबॉल संघाला एका हंगामात 162 सामन्यांत पडतो. तिथे चेंडू फेकणारा तो पिचर. सामना नऊ डावांचा. सुरुवात करणाऱ्या पिचरचा हात पाच-सहा डावांनंतर थकतो आणि पुढची जबाबदारी बदली पिचरांवर येते. मैदानाच्या कडेला त्यांची बसायची आणि हात मोकळा करायची जागा असते, तिला बुलपेन म्हणतात. त्यातला सर्वांत भरवशाचा गडी शेवटच्या डावासाठी राखून ठेवतात, तो क्लोजर. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत चेंडू फेकू शकत नाही. त्यात 2020 पासून असा नियम आला, की नव्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तरी चेंडू टाकायचा किंवा डाव संपवायचा. त्यामुळे चुकीचा माणूस आत आला, तर त्याला लगेच मागे घेता येत नाही.

फिलाडेल्फिया फिलीज या संघाने त्याच वर्षी याचा फटका खाल्ला. कोविडमुळे हंगाम 60 सामन्यांचाच होता. त्यांच्या बदली पिचरांनी दर नऊ डावांमागे सरासरी 7.06 धावा दिल्या. चांगलं बुलपेन हा आकडा चारच्या आत ठेवतं. हातात आलेले सामने सुटत गेले आणि बाद फेरी थोडक्यात हुकली.

त्याच्या बारा वर्षं आधी याच संघाकडे ब्रॅड लिज हा क्लोजर होता. 2008 च्या नियमित हंगामात 41 वेळा त्याच्या हाती आघाडी सोपवली गेली आणि 41 वेळा त्याने ती राखली. बाद फेरीतही सातपैकी सात. फिलीज विजेते झाले. पुढच्याच वर्षी त्याच लिजच्या हातून 11 वेळा आघाडी निसटली आणि त्याची धावांची सरासरी 7.21 वर गेली. माणूस तोच आणि काम तेच, तरीही असं झालं. शेवटच्या डावात चूक सावरायला पुढे वेळच नसतो. दुखरा गुडघा किंवा ढासळलेला विश्वास तिथे लगेच उघडा पडतो.

पुण्याच्या प्रेक्षकांनी असा प्रसंग गहुंज्याच्या मैदानावर पाहिला आहे. 6 एप्रिल 2017 रोजी आयपीएलमध्ये रायझिंग पुणे सुपरजायंटसमोर मुंबई इंडियन्स होते. विसावं षटक अशोक दिंडाने टाकलं आणि त्यात 30 धावा गेल्या, हार्दिक पंड्याने षटकारांमागून षटकार मारले. स्टीव्ह स्मिथच्या नाबाद 84 धावांमुळे पुणे जिंकलं खरं, पण शेवटची षटकं कोण टाकणार हा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर जयदेव उनाडकटने दिलं. वेग कमी करून टाकलेले त्याचे चेंडू फलंदाजांना उमगत नव्हते. 6 मे रोजी हैदराबादला शेवटच्या षटकात 13 धावा हव्या होत्या. त्याने हॅटट्रिक घेतली आणि एकही धाव दिली नाही. त्या हंगामात 12 सामन्यांत 24 बळी घेऊन त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

मुंबई इंडियन्सची पाळी 2023 मध्ये आली. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांचा हुकमी गोलंदाज जसप्रीत बुमरा अख्खा हंगाम बाहेर होता. 22 एप्रिलला वानखेडेवर पंजाबने शेवटच्या पाच षटकांत 96 धावा कुटल्या. त्याच सामन्यात मुंबईला शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असताना पंजाबच्या अर्शदीप सिंगने लागोपाठच्या दोन चेंडूंवर मधली यष्टी मोडली आणि फक्त दोन धावा दिल्या. एकाच मैदानावर, एकाच रात्री दोन्ही संघांमधला फरक सगळ्यांना दिसला.

त्या हंगामात मुंबईला सावरलं आकाश मधवालने. रुडकीचा हा इंजिनिअर विशी ओलांडेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. 24 मे रोजी चेन्नईत लखनौविरुद्ध त्याने पाच धावांत पाच बळी घेतले.

टेनिस बॉल हलका असतो आणि टप्पा पडला की उसळतो. जरा आखूड टाकला, की फलंदाज तो बांधापार भिरकावतो. म्हणून फलंदाजाच्या बुटाशी पडणारा यॉर्कर हाच गोलंदाजाचा खरा आधार. चेंडू हातातून क्षणभर आधी सुटला तर फुलटॉस होतो, क्षणभर उशिरा सुटला तर आखूड पडतो. घामाने बोटं ओली झाली असतील, तर हा अंदाज आणखी बिघडतो.

भोर-वेल्ह्यातली शहाणी गावं सामना हरल्यावर गोलंदाजाला आठवडाभर बोल लावत बसत नाहीत. संध्याकाळी कामावरून आलेल्या दोघा-तिघांना घेऊन कर्णधार खाचरात उतरतो. यष्ट्यांपुढे, फलंदाजाचा पाय येतो तिथे, एक जुनी चप्पल ठेवतो. चेंडू दिसेनासा होईपर्यंत एकेकाला तिच्यावर नेम धरून टाकायला लावतो. दहातून चार वेळा चप्पल उडवणारा सापडला, की पुढच्या रविवारी हुकमी गोलंदाजाची षटकं आधीच संपली तरी चेंडू कुणाकडे फेकायचा, ते कर्णधाराचं ठरलेलं असतं.