अपरिचित गाण्याचें आतिथ्य

घरांत नवें गाणें कोणत्या वाटेनें येतें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पोळीचें पीठ कोणत्या गिरणींतून आलें हें आपणांस ठाऊक असतें. परंतु कानावर पडणारें गाणें कोणीं निवडलें, कोणीं पाठविलें, आणि कोणतें गाणें उंबरठ्यापर्यंत येऊनहि आंत येऊं शकलें नाहीं, याची चौकशी कोणी करीत नाहीं. मींहि आजवर केली नव्हती. ती करण्याचा प्रसंग माझ्या नातवानें आणला.

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं तो माझ्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला व म्हणाला, "आजोबा, थोडा वेळ आहे का तुम्हांला? आमच्या बँडचीं चार गाणीं आज बाहेर पडलीं." बँड म्हटला कीं माझ्या डोळ्यांपुढें वरातच येते. मी म्हणालों, "कोणाच्या लग्नांत रे?" तो हंसला, पण थोडा हिरमुसलाहि. मग त्यानें समजावून सांगितलें कीं, चौघे मित्र, दोन गिटार, एक ड्रम, स्वतःचीं पदें, स्वतःच्या चाली आणि स्वतःच्याच खिशांतला खर्च. अशा मंडळीस 'इंडी' म्हणतात. "इंडी म्हणजे हिंदी का?" "नाहीं हो आजोबा, इंडिपेंडंट!" मीं दोन मिनिटें ऐकलें, "शब्द नीट ऐकूं येत नाहींत" असा अभिप्राय दिला, आणि पुस्तकांत डोकें घातलें. वह्या तपासण्यांत हयात गेल्यामुळें तांबड्या शाईची संवय हातास जडली आहे. ती कानासहि जडली होती, हें त्या क्षणीं मला कळलें नाहीं.

अंथरुणावर पडल्यावर मात्र झोंप येईना. वर्गांत ज्याची प्रस्तावना मीं कितीदां तरी समजावून दिली, तें 'मालविकाग्निमित्र' आठवलें. तेथें पारिपार्श्वक सूत्रधारास विचारतो कीं, भास, सौमिल्लक, कविपुत्र अशा प्रथितयश कवींच्या कृति बाजूस सारून ह्या हयात असलेल्या कालिदासाला एवढा मान कशासाठीं? सूत्रधाराच्या उत्तराचा इत्यर्थ असा कीं, जुनें म्हणून चांगलें आणि नवें म्हणून वाईट, असा न्याय नाहीं. जाणत्यानें पारख करून घ्यावें. काळाची थट्टा पाहा! सौमिल्लक आणि कविपुत्र यांचें एकहि नाटक आज उपलब्ध नाहीं. त्यांचीं नांवें आपण वाचतों तीं त्या तेव्हांच्या नवख्या कवीच्या प्रस्तावनेंत. हें मुलांस शिकविणारा मी, घरच्याच नवख्याला दोन मिनिटांत वाटेस लावून मोकळा झालों होतों.

दुसऱ्या दिवसापासून मीं नातवाला गुरु केलें. त्याच्याकडून ऐकून व पुढें स्वतः वाचून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

'स्वतंत्र' हें विशेषण येथें मुळांत गाण्याच्या ढंगास लागलेलें नसून व्यवहारास लागलेलें आहे. मँचेस्टर शहरांतील 'बझकॉक्स' नांवाच्या मंडळीनें मोठ्या कंपनीचे उंबरठे झिजविण्याऐवजीं घरच्या माणसांकडून व मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, १९७६ च्या डिसेंबरांत एका दिवसांत चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि १९७७ च्या जानेवारींत 'स्पायरल स्क्रॅच' ही लहानशी तबकडी 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्या छापाखालीं विकावयास काढली. प्रथम १,००० प्रति काढल्या. पुढें सोळा हजारांच्या घरांत खप गेला. वेष्टनावर, कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें, हेंहि प्रांजळपणें छापलें होतें. पुढील वर्षीं लंडनच्या 'स्क्रिटी पॉलिटी' या मंडळीनें याहिपुढें जाऊन वेष्टनावर जमाखर्चच दिला: ध्वनिमुद्रणास किती, तबकडी ओतण्यास किती, कागदास किती. असा जमाखर्च वाचणाऱ्याच्या मनांत, "एवढेंच ना? मग हें आम्हांलाहि जमेल," असा विचार आल्यावांचून कसा राहील? 'रफ ट्रेड' या १९७६ सालीं पश्चिम लंडनांत निघालेल्या दुकानानें अशा तबकड्या विकण्याची व गांवोगांव पोंचविण्याची सोय लावली. आणि १९८० च्या जानेवारीपासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादीच प्रसिद्ध होऊं लागली.

असा उद्योग आपल्याकडे कधीं नव्हताच असें मात्र नाहीं. १९३५ च्या सुमारास मुंबईंत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या काढण्यास प्रारंभ केला. नामांकित गवई बहुधा मोठ्या कंपन्यांकडे गुंतलेले. म्हणून हिनें कितीएक नवख्या व हौशी कलावंतांना कर्ण्यापुढें उभें केलें. वाडवडिलांच्या जुन्या पेटींत एखादी तशी तबकडी निघाली, तर ती टाकून देण्यापूर्वीं तिच्यावरील अनोळखी नांव एकदां अवश्य वाचावें.

परंतु गाणें निघालें म्हणजे तें ऐकिलें जातेंच असें नव्हे. ज्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आपली व्युत्पत्ति आहे; आणि अतिथीला यजमान लागतो. ह्या अनाहूत पाहुण्यांचा एक थोर यजमान होऊन गेला, त्याचें नांव जॉन पील. हा इंग्रज गृहस्थ १९६७ पासून २००४ पर्यंत बी. बी. सी. च्या 'रेडिओ वन' केंद्रावर, बहुतेक रात्रीं उशिरां, कार्यक्रम करीत असे. ठिकठिकाणचीं अपरिचित पोरें आपल्या तबकड्या व घरगुती ध्वनिफिती त्याच्याकडे टपालानें धाडीत. तो त्या ऐके, आणि मनास आल्या तर कीर्तीची वा खपाची पर्वा न करितां लावी. कधीं तबकडी भलत्याच वेगानें फिरूं लागे. तेंहि त्याच्या श्रोत्यांच्या परिचयाचें झालें होतें. त्याच्या कार्यक्रमासाठीं नव्या मंडळ्यांना बी. बी. सी. च्या ध्वनिमुद्रणगृहांत बोलावून एका दिवसांत बहुधा चार गाणीं मुद्रित करीत. अशा बैठकी ४,००० वर झाल्या आणि २,००० हून अधिक कलावंतांनीं त्यांत भाग घेतला.

१९७८ सालची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. उत्तर आयर्लंडांतील डेरी गांवच्या पांच तरुणांच्या 'दि अंडरटोन्स' या मंडळीनें बेलफास्टच्या एका लहानशा दुकानाच्या 'गुड व्हायब्रेशन्स' छापावर 'टीनेज किक्स' हें अवघें अडीच मिनिटांचें गाणें काढलें. पीलनें तें रेडिओवर एकदां लावलें आणि लागलीच पुन्हां लावलें. तें ऐकून एका अमेरिकन कंपनीच्या चालकानें त्यांच्याशीं करार केला. २००४ च्या ऑक्टोबरांत पेरू देशांत प्रवासांत असतां पील निवर्तला. त्याच्या समाधिशिलेवर त्याच गाण्यांतील शब्द कोरलेले आहेत. यजमानानें पाहुण्याचे उपकार स्मरावे, याहून आतिथ्याची परिसीमा ती कोणती?

आज दार अधिक उघडें झालें आहे, म्हणूनच गर्दीहि अपार झाली आहे. संगणकाच्या मार्गानें दररोज एक लाखाच्या आसपास नवीं ध्वनिमुद्रणें जगापुढें येतात. 'स्पॉटिफाय' या संस्थेनें २०२४ पासून असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत जें गाणें एक हजार वेळांहि ऐकिलें गेलें नाहीं, त्याचें मानधन मिळणार नाहीं. नातवाचीं चारहि गाणीं त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे आहेत. म्हणजे चौघांनीं शिकवण्या करून जमविलेल्या पैशांपैकीं एक रुपयाहि तेथून परत यावयाचा नाहीं. पैशाचें दुःख त्यांस फारसें नाहीं. पण आपण गातों तें कोणी ऐकतो कीं नाहीं, ही शंका मोठी जाचक असते, हें ज्यानें रिकाम्या बाकांपुढें कधीं धडा शिकविला आहे त्यास सांगावयास नको.

मग सामान्य कुटुंबवत्सल माणसानें करावें काय? मीं जी रीत लावून घेतली ती सांगतों. १० जुलै २०१५ पासून जगांतील बहुतेक देशांत नवीं ध्वनिमुद्रणें शुक्रवारीं प्रसिद्ध होतात. म्हणून शुक्रवारची संध्याकाळ मीं त्यासाठीं राखून ठेविली आहे. यंत्र आपण होऊन जें पुढें ढकलतें तें ऐकत बसत नाहीं. कारण तें बहुधा आपल्या जुन्याच आवडीची उजळणी करितें. ग्रंथाच्या शेवटच्या पानावरील यादीवरून जसे आपण दुसऱ्या ग्रंथाकडे जातों, तसा एका गाण्याच्या छापावरून त्याच छापाच्या दुसऱ्या मंडळीकडे जातों. गाणें आवडलें तर 'बँडकँप' या २००८ सालीं निघालेल्या बाजारांतून विकत घेतों. तेथें संगणकीय विक्रींतील सुमारें १५ टक्के संस्था आपल्याकडे ठेवते. देवघेवीचा किरकोळ खर्च वजा जातां बाकीचा पैसा कर्त्याच्या हातीं पडतो. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें जलसे बंद पडले, तेव्हांपासून ठराविक शुक्रवारीं आपला वाटाहि सोडण्याची प्रथा तिनें पाडली. आणि शेवटचा नियम असा कीं, कोणतेंहि गाणें तीनदां ऐकल्यावांचून त्याजविषयीं मत द्यावयाचें नाहीं.

याच रीतीनें मी मागेंहि गेलों. दिल्लींत १९९० सालीं उभी राहिलेली 'इंडियन ओशन' ही मंडळी, तिचा २००० सालचा 'कंदिसा' हा गीतसंग्रह आणि त्यांतील नर्मदामातेचें 'मा रेवा' हें गीत मीं इतक्या वर्षांनीं ऐकिलें. माझ्या परिचयाची नर्मदा आणि अपरिचित वाद्यांचा मेळ, हीं दोन्ही एकत्र भेटलीं. २०१० सालीं पुण्यांत 'एनएच सेव्हन वीकेंडर' नांवाचा अशा मंडळ्यांचा मोठा मेळा प्रथम भरला, तेव्हां मी याच शहरांत होतों; वर्तमानपत्र उलटून टाकिलें एवढेंच स्मरतें.

सारेंच नवें गाणें चांगलें असतें, असें माझें म्हणणें नाहीं. पुष्कळसें कच्चें असतें, कांहीं अनुकरणाचें असतें, आणि कांहींत नुसता गोंगाट असतो. पण तें कच्चें आहे हें ठरविण्यापूर्वीं त्याला बसावयास पाट द्यावा, इतकाच गृहस्थधर्म.

नातवाचीं गाणीं मीं नियमाप्रमाणें पुन्हां ऐकिलीं. तिसऱ्या खेपेस, तिसऱ्या गाण्याच्या आरंभीं एक करकर ऐकूं आली. पहिल्या दोन वेळां ती मला मुद्रणांतला दोष वाटली होती. मीं डोळे मिटले, आणि ती ओळखीची निघाली: आमच्याच ओसरीवरील झोपाळ्याच्या कड्यांची. त्याची आजी त्यावर बसून त्याला परवचा शिकवीत असे. शब्दहि हळूहळू उलगडले. ते तिच्याविषयींचेच होते. तिला जाऊन सहा वर्षें झालीं. हें पोर तिला गाण्यांत घेऊन माझ्या दाराशीं आलें होतें, आणि मीं त्याला उच्चारांचे गुण दिले होते!

त्या संध्याकाळीं मीं तीं चारहि गाणीं पैसे देऊन घेतलीं. "आजोबा, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे?" असें तो म्हणाला. मी म्हणालों, "अरे, राहूं दे. तें तिसरें गाणें पुन्हां लाव पाहूं."

त्यांच्यापैकीं एकास बंगळुरास नोकरी लागली आहे, दुसरा परीक्षेच्या मागें आहे; मंडळी टिकते कीं मोडते, देव जाणे. बहुतेक अशा मंडळ्या मोडतातच. म्हणून वाचकांस विनंति एवढीच कीं, आपल्या घरांतहि एखादें पोर दाराशीं येऊन "थोडा वेळ आहे का?" असें विचारील, तेव्हां हातांतलें पुस्तक खालीं ठेवावें.