एका मैलाचं गणित

युद्धानं होरपळलेल्या मुलखातल्या मुली शाळेत का जात नाहीत? आपलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आईबापच पाठवत नाहीत, रूढी आड येते, आधी माणसांची मनं बदलायला हवीत. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात २००७ साली या उत्तराचीच परीक्षा झाली. तिचा निकाल वाचताना आजही थक्क व्हायला होतं.

घोर म्हणजे उंच डोंगर, कच्चे रस्ते आणि दूरदूर विखुरलेली छोटी गावं. सरकारी शाळा अनेक गावांपासून तीन-तीन मैलांवर. सहा-सात वर्षांच्या मुलीनं रोज तेवढं जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्यात काळ असा, की देशाच्या कितीतरी भागांत शाळा जाळल्या जात होत्या आणि शिक्षकांच्या दारावर रात्री धमकीची पत्रं चिकटवली जात होती. लोक या पत्रांना ‘शबनामा’ म्हणत.

डेना बर्ड आणि ली लिंडेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी इथली ३१ गावं निवडली. त्यांतल्या १३ गावांत आधी शाळा सुरू झाली, उरलेल्यांत वर्षभरानं. आधी कोणाचा नंबर लागणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. त्यामुळे दोन्हीकडची गावं एकसारखी होती. फरक फक्त शाळेचा.

आता ही शाळा कशी होती ते पाहा. नवी इमारत नाही, पाटी नाही, कुंपण नाही. मशिदीतली एखादी खोली किंवा कोणाच्या घरातली रिकामी जागा गावानं द्यायची. शिकवायला त्याच भागातलं चार बुकं शिकलेलं माणूस. पुस्तकं सरकारी शाळेतलीच. वह्या, पेन्सिली आणि शिक्षकांचं थोडं प्रशिक्षण एका मदतसंस्थेकडून. बस्स, एवढंच!

आणि एवढ्यानं काय झालं? शाळा मिळालेल्या गावांत शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण शाळा न मिळालेल्या गावांपेक्षा ४२ टक्केबिंदूंनी जास्त निघालं. मुलींचं तर ५२ टक्केबिंदूंनी. शाळा नसलेल्या गावांत मुलगे मुलींच्या २१ टक्केबिंदू पुढे होते. शाळा आलेल्या गावांत ती दरी जवळजवळ मिटली. मुलं नुसती जाऊन बसत होती असंही नाही. गणित आणि भाषेच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि मुलींचे मुलग्यांपेक्षा जास्त वाढले.

संशोधकांनी अंतराचाही हिशेब मांडला. शाळा एक मैल लांब गेली की शंभरातली साधारण १६ मुलं गळतात. मुलगे १३, मुली १९. म्हणजे लांबचा रस्ता सगळ्यांनाच भोवतो, पण मुलींना जास्त. या आकड्यांवरून आईबापांच्या मनाचा अंदाज येतो. पोरीनं शिकावं असं त्यांना वाटतच होतं. अनोळखी रस्त्यावर तिला एकटीला सोडायला जीव धजत नव्हता. शाळा हाकेच्या अंतरावर आली, शिकवणारा ओळखीतला निघाला आणि भीतीचं कारण गेलं. आधी मनं बदलायची वाट पाहावी लागली नाही.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यापासून अफगाण मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे, आणि फर्मानानं लावलेलं कुलूप शाळा जवळ आणून उघडत नाही. पण सहावीपर्यंतची वाट अजून उघडी आहे. तेवढी वर्षं तरी प्रत्येक मुलीच्या पदरात पडावीत, यासाठी गावातल्या अशा खोल्या चालू राहणं आज पूर्वीपेक्षाही मोलाचं आहे.

हे शहाणपण आपल्यालाही परकं नाही. महाराष्ट्रातल्या वस्तीशाळा याच विचारातून निघाल्या. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षणहक्काचा नियमही त्यातलाच. म्हणून ‘त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असं कोणी म्हणालं, किंवा पट कमी म्हणून एखादी शाळा बंद करून पोरांना पुढच्या गावी धाडायची गोष्ट निघाली, तर आधी विचारा: शाळा किती लांब आहे, आणि तिथवरच्या रस्त्यानं तुम्ही तुमच्या लेकीला एकटीला पाठवाल का?