बुडालेले दप्तर पुन्हा कसे उभे राहील?

शाळेचे जनरल रजिस्टर हे वरवर पाहता एक साधे नोंदीचे पुस्तक होय. परंतु मुलाची जन्मतारीख, जात, प्रवेशाचा व शाळा सोडल्याचा दिवस यांचा भक्कम आधार पुष्कळदा तेच असते. पंचवीस-तीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी नोकरीच्या किंवा जातपडताळणीच्या कामासाठी दाखला मागावयास येतो, तेव्हा त्याचे सारे काम त्या एका ओळीवर अडलेले असते. ती ओळ नाहीशी झाली तर काय करावयाचे, याचा विचार आपत्ती येण्यापूर्वीच झाला पाहिजे.

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या भागातील शिक्षकांस हा प्रश्न परका नाही. उल्हास नदी सह्याद्रीतून उतरून कर्जत, नेरळ, वांगणी या बाजूने बदलापुरास येते. वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून वाहत कल्याणकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी या भागातही पुराने हाहाकार उडविला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पाणी रात्रीतून चढते, आणि ते चढले की रस्ताही बंद होतो. ‘वेळ आली की दप्तर हलवू’ हा बेत म्हणूनच बेत नव्हे.

आता शाळांच्या पुष्कळ नोंदी संगणकावर भरल्या जातात. जेथे अशा नोंदी मोठ्या प्रमाणावर साठतात, तेथे त्यांच्या नकला चुंबकीय फितीवर घेण्याची पद्धत आजही आहे. गाण्यांच्या जुन्या कॅसेटमधील फीत आपण पाहिली आहे. ही फीत त्याच जातीची, मात्र अर्धा इंच रुंद व सुमारे एक किलोमीटर लांब असते. नकला घेण्याचे काम ज्या संगणकाकडे असते, त्यास बॅकअप सर्व्हर म्हणतात. फीत यंत्रातून काढून कपाटात ठेवली की यंत्रातील बिघाड तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हा तिचा मोठा गुण होय. वानगीदाखल, फेब्रुवारी २०११ मध्ये एका सदोष फेरबदलामुळे जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. ती अनेक ठिकाणी साठविलेली असूनही दोष त्या साऱ्या ठिकाणी पोहोचला. मात्र कपाटातील फितींना त्याचा स्पर्श झाला नाही, आणि त्यांवरूनच ती पत्रे परत मिळविण्यात आली.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. फीत सुरक्षित आहे, म्हणजे दप्तर सुरक्षित आहे, असे नव्हे. कोणत्या फितीवर, कोणत्या जागी, कोणत्या दिवसाची नोंद आहे याची सूची बॅकअप सर्व्हरमध्ये असते. सर्व्हरच पाण्यात गेला तर फिती शाबूत राहूनही मुक्या होतात. मग प्रत्येक फीत आरंभापासून अखेरपर्यंत वाचून सूची नव्याने तयार करावी लागते, आणि त्यात दिवसचे दिवस जातात. रजिस्टर जागेवर आहे, पण दाखल्यावरील रजिस्टर क्रमांक हरवला आहे, अशा प्रसंगी पान न् पान उलटावे लागते. ही अवस्था तशीच समजावी. मजकूर गुप्त कुलपाने बंद केला असेल आणि त्याची किल्ली त्याच सर्व्हरमध्ये राहिली असेल, तर फीत असून नसल्यासारखीच. शिवाय प्रत्येक यंत्र प्रत्येक फीत वाचू शकत नाही. ‘एलटीओ’ जातीचे आठव्या पिढीचे यंत्र सातव्या पिढीची फीत वाचते, सहाव्या पिढीची वाचत नाही. जुन्या फितींबरोबर त्या वाचणारे यंत्रही जपावे लागते, ते याचसाठी.

ह्यावरून आपत्तीनंतरच्या पुनर्मांडणीची योजना कशी असावी, हे सहज ध्यानात येईल. प्रथम दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावी : किती दिवसांचे काम पुन्हा करावे लागले तरी चालेल, आणि किती दिवसांत कामकाज पुन्हा सुरू झाले पाहिजे? जून महिन्यात प्रवेश चालू असताना आठवड्याची नोंद बुडणे परवडत नाही. तेव्हा नक्कल रोज घ्यावी. एरवी आठवड्याची नक्कल पुरेल.

दुसरा प्रश्न जागेचा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पुष्कळ फायली भस्मसात झाल्या. मूळ व नक्कल एकाच इमारतीत असणे म्हणजे दोन्ही एकाच दैवाच्या हवाली करणे होय. तद्वतच बदलापूरची नक्कल उल्हासनगरास ठेवल्याने फारसे साधत नाही. गाव बदलले, पण नदीचे खोरे तेच राहिले. एक नक्कल जवळ व दुसरी घाटापलीकडे, नाशिकसारख्या ठिकाणी असावी. फीत कोरड्या व थंड खोलीत ठेवावी. ती भिजल्यास उन्हात वाळवू नये व यंत्रातही घालू नये. ती जाणकाराच्या हाती द्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचीची प्रत, कुलपाची किल्ली व नवा सर्व्हर उभा करण्याची क्रमवार कृती ही तिन्ही सर्व्हरपासून वेगळी ठेवावी. कृती कागदावर लिहिलेली असावी. किल्ली मात्र फितीसोबत न ठेवता दोन जबाबदार व्यक्तींच्या स्वाधीन असावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, सर्व्हर नाहीच असे समजून दुसऱ्या यंत्रावर नोंदी परत आणून पाहाव्या. हे काम नेहमी नकला घेणाऱ्याने करू नये. त्याच्या सहकाऱ्याने केवळ लिखित कृतीवरून करावे. तो जेथे अडेल, तेथेच योजनेतील उणीव आहे असे समजावे.

ज्या शाळेत फीत नाही व सर्व्हरही नाही, त्या शाळेस हाच नियम लागू आहे. जनरल रजिस्टर उंच फळीवर ठेवावे. वरिष्ठांच्या अनुमतीने त्याची छायाप्रत घेऊन ती अन्य गावी जबाबदार कार्यालयात ठेवावी, आणि कोणती वर्षे कोणत्या प्रतीत आहेत याची यादी वेगळ्या वहीत लिहावी. दरवर्षी मे महिन्यात कोणत्याही तीन विद्यार्थ्यांच्या नोंदी केवळ त्या प्रतीवरून शोधून मुळाशी ताडून पाहाव्या. या कामास एक दुपार पुरते.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख या संदर्भात आठवतो. त्यातील शकाचा अंक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढे पुन्हा वाचन झाले, तेव्हा तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे ठरले. दगड टिकला होता, तरी तेवढ्याने सत्य हाती आले नाही. ते पुन्हा वाचून पाहिल्याने आले. फाळणीनंतर घरदार मागे टाकून उल्हासनगरास आलेल्या कुटुंबांना, दप्तर मागे राहणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी दाखल्यासाठी दाराशी येईल, तेव्हा ‘नोंद पुरात गेली’ हे उत्तर त्यास ऐकावे लागू नये, एवढी दक्षता आपल्या हाती आहे.