थप्पी कुठवर चढते?

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मुकुंदवाडीतल्या या पत्र्याच्या गोदामात सदरा आत्ताच पाठीला चिकटायला लागलाय. मे महिना. अकरानंतर छताच्या लोखंडी कैचीवर हात टेकवत नाही, म्हणून कॅमेरेवाला आणि त्याच्या हाताखालचा पोरगा उजाडताच आलेत. आत सरकीच्या ढेपेच्या गोण्या, त्यांचा तेलकट, किंचित आंबूस वास. मी इथे महिन्यातून दोनदा हिशेबाला येतो. आज मावसभावाने मुद्दाम बोलावलंय. "तू नुसता उभा राहा, हा काय काय गळ्यात मारतो ते बघ."

त्याचं दुकान आधी जालना रोडला होतं. २०२५च्या जूनमध्ये रस्त्याकडेची बांधकामं पाडली गेली, तेव्हा माल इकडे आतल्या गल्लीत आला. रस्त्यावर समोरचा चहावाला, शेजारचा पंक्चरवाला, रात्रभर धावणारे ट्रक, असे फुकटचे डोळे होते. इथे रात्री नऊनंतर कुत्री आणि वॉचमनबाबा. बाबांची खाट शटरच्या आत, उजव्या भिंतीला.

दुखणं असं, की मोजायला गेलं तर गोण्या बरोबर भरतात, वजन भरत नाही. दोन महिने सलग तूट आलीय. भाऊ म्हणतो चोरी. हमालमामा म्हणतात, "ढेप वाळते, भाऊ. मेमध्ये माणूस वाळतो."

भावाने डोक्यात पक्कं केलंय: चारी कोपऱ्यांत चार, वर छताला, आणि बाहेर दोन. कॅमेरेवाला ऐकून घेतो. पंचविशीतला असेल, खिशाला टेस्टर, कानामागे पेन्सिल. खाली बसून तो फरशीवर खडूने गोदाम काढतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "शेठ, थप्पी कुठवर चढते?"

भाऊ गोंधळतो. मामा पुढे होतात. "आत्ता दहाची थप्पी आहे. दिवाळीनंतर नवी सरकी आली की अठरा लागतात. तिथवर," आणि ते भिंतीवरचा तेलकट डाग दाखवतात. डाग पोरग्याच्या डोक्याच्या बराच वर आहे.

"मग हे दोन कोपरे गेले. दिवाळीनंतर कॅमेऱ्याला फक्त बारदान दिसेल." तो खडूचे दोन गोल हाताने पुसतो. रात्री तर आणखीच वाईट, असं तो सांगतो. कॅमेऱ्याचा अंधारातला प्रकाश समोरच्या गोणीवर आपटतो, गोणी पांढरीफटक दिसते आणि मागचं सगळं काळं.

छतही तो नाकारतो. भाऊ हट्टाला पेटतो तेव्हा पोरग्याला शिडीवर चढवून, त्याच्या मोबाइलने खाली उभ्या मामांचा फोटो काढायला लावतो. फोटोत मामा नाहीत. डोक्याला गुंडाळलेला लाल गमछा आहे आणि दोन खांदे.

"वीस फुटांवरून रुमाल दिसतो, माणूस नाही. तोंड पाहिजे तर आठ-नऊ फुटांवर लावा."

मग लेन्सवर गाडी येते. दोन पॉइंट आठवाली सगळं दाखवते, पण लांबचं तोंड तिळाएवढं. सहावाली थोडंच दाखवते, पण नीट. भावाला सगळंही पाहिजे आणि नीटही पाहिजे. हिशेब लिहिता लिहिता मला हा स्वभाव पाठ झालाय. कॅमेरेवाला शांतपणे विचारतो, "तुम्हाला नेमकं बघायचंय काय?"

भाऊ पटकन बोलत नाही. हमालांसमोर कसं बोलणार?

बोलतात ते मामाच. "काट्यावर लाव ना बाबा एक. आकडा दिसला पाहिजे." भाऊ त्यांच्याकडे बघतो. "कामून बघायलात? गाडी आली की तोलून कोण घेतं? मी उचलतो, दुकानचा पोरगा लिहितो. तूट आली की बोट माझ्याकडं. येताना किती भरलं होतं ते दिसू द्या की."

विमानतळ जवळच. वरून एक विमान इतकं खाली जातं की पत्रे थरथरतात आणि त्या आवाजात भावाला उत्तर द्यावं लागत नाही.

खडूच्या नकाशात आता सहा गोल आहेत. काट्यावर एक, जरा तिरका, म्हणजे डिस्प्लेचे लाल आकडे चमकणार नाहीत. फाटकाला सहावाली, गाडीच्या नंबरसाठी. मधल्या वाटेला दोन, ऑफिसच्या दाराला एक. शटरचा आतून बाहेर बघणारा भावाला हवा होता. दिवसा मागून ऊन आलं की येणारा माणूस काळी सावली होतो, म्हणून तो शटरच्याच भिंतीवर, आत तोंड करून.

ड्रिलचा आवाज सुरू होतो. विटेची लाल भुकटी ढेपेच्या पिवळ्या धुळीवर पडते. पोरगा भोकात प्लास्टिकचे गट्टू ठोकतो, दातात स्क्रू धरून. वायर कैचीवरून लाइटच्या वायरीला बिलगून न्यायला निघतो तेव्हा खालून ओरडा बसतो, "अरे, तिच्यापासून हातभर लांब! चित्र अडकत राहील." नेटची ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते; इथे सगळ्यात लांबची पन्नासलाच संपते. पुढे तासभर फक्त पाइप, क्लिपा आणि घाम.

डिस्कवर मात्र मला तोंड उघडावं लागतं. एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २० जीबी लागतात, असं तो सांगतो. सहांचे १२०. दोन टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं चढतं.

"आपण मोजणी कधी करतो?" मी भावाला विचारतो.

"एक तारखेला."

म्हणजे पाच तारखेची चोरी कळेपर्यंत तिचं चित्र पुसलेलं. चार टीबी घेतली तर महिना जेमतेम पुरतो. कॅमेरेवाला हसतो. "शेठ, डिस्क मोठी घेण्यापेक्षा मोजणी आठवड्याला करा. ती फुकट आहे." वस्तू विकायला आलेला माणूस वस्तू नको म्हणतोय, माझी राखणदारी तिथेच संपते. पुढे पोलिसांत द्यायची वेळ आली तर नुसत्या पेनड्राइव्हवर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मी सांगतो. भाऊ मान हलवतो, पण ऐकत नाही, कारण तो पासवर्डला गाडीचा नंबर ठेवू पाहतोय. कॅमेरेवाला तो बदलायला लावतो.

बाहेर अंधार पडलाय. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी. दिवे बंद करून चाचणी. ऑफिसातल्या स्क्रीनवर सहा राखाडी चौकोन. फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोर एक पाखरू एवढं मोठं पांढरं होऊन भिरभिरतंय की भाऊ दचकतो. "रोज झाडून घ्या. जाळं धरलं की रात्रभर तेवढंच दिसतं."

मामा काट्यावर चढून उभे राहतात. स्क्रीनवर आकडा स्वच्छ दिसतो: ५१.४. "बघा, वाळलोय," ते तिथूनच ओरडतात.

शटरच्या चौकोनात वॉचमनबाबा दिसतात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. ते वर कॅमेऱ्याकडे बघतात, मग भिंतीकडे, मग खाली वाकून खाट ओढायला लागतात. खाट चौकटीबाहेर सरकत जाते. उशी गेली, कांबळं गेलं. एक पाय अजून आत आहे.