मूल बोलत नाही? मग त्याच्याबरोबर घमेले उचला!

“डॉक्टरसाहेब, पोरगं घरात धड बोलतच नाही. जेवायला बसलं तरी डोळे मोबाइलमध्ये.” ही तक्रार हल्ली केनवडसारख्या गावातही ऐकू येते. मुलाला ताप नसतो, अशक्तपणा नसतो. दुखणे असते ते बाप-लेकांतल्या अबोल्याचे. त्यावर टॉनिक नाही, पण एक बिनखर्ची उपाय आहे. आई किंवा वडिलांनी मुलाला सोबत घेऊन गावाचे एखादे काम करावे.

यामागचे कारण साधे आहे. समोर बसवून “बोल, काय झालं?” असे विचारले की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती उलटतपासणी वाटते. हात कामात असले, नजर कामावर असली, की तेच मूल आपणहून बोलू लागते. घरात वडील बहुधा हुकूम सोडणारे असतात. श्रमदानात मात्र एकच घमेले दोघांच्या हातातून जाते. वडिलांनाही धाप लागते, तेही दुसऱ्याला विचारून शिकतात, हे मूल पाहते. आणि आपलाही कुणाला उपयोग आहे, हे त्याला कळते.

याचे मोठे उदाहरण विदर्भातच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा साधनाताईंसोबत विकास व प्रकाश ही दोन लहान मुलेही तेथे होती. कुष्ठरुग्णांच्या सहवासातच ती वाढली आणि दोघेही डॉक्टर झाली. बाबांनी भामरागडच्या जंगलात काम करण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा प्रकाश तयार झाले. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे त्यांची मुलेही त्याच कामात उतरली.

अर्थात प्रत्येकाने हेमलकशाला जावे असे नाही. २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या जिल्ह्यातील कारंजा तालुका उतरला होता. ८ एप्रिल ते २२ मे अशी ती ४५ दिवसांची स्पर्धा होती. अशा श्रमदानात लहानथोर एकाच रांगेत उभे राहून माती वाहतात.

आपल्या गल्लीत काय करता येईल? पावसाळ्यात दर रविवारी अर्धा तास काढा. डेंग्यूच्या डासाचे अंडे साचलेल्या पाण्यात पडल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायचा. मुलाने बॅटरी घेऊन शेजारच्या दहा घरांतील रांजण, टाके, कूलर, जुने टायर पाहावेत. अळ्या दिसल्या तर तुम्ही घरमालकाला सांगून भांडे रिकामे करा, घासून कोरडे करा. कोणत्या घरी अळ्या सापडल्या, याची वही मुलाकडे द्या. आशाताईंना ती वही फार उपयोगी पडेल. दोन-तीन आठवड्यांत अळ्यांची घरे कमी झालेली मुलाला स्वतःच्या अक्षरात दिसली, तर पुढच्या रविवारी तेच तुम्हाला उठवील.

काही पथ्ये मात्र पाळा. उन्हाळ्यात अंगमेहनतीचे काम सकाळी नऊच्या आत आटोपा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्या. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी सोबत ठेवा. मुलाला लहान घमेले द्या. पायात बूट असावेत. दगडाखाली विंचू असतो, म्हणून दगड आधी काठीने उलटवा. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते पाहा. गटारात किंवा दवाखान्याच्या कचऱ्यात मुलांना मुळीच उतरवू नका.

एक पथ्य पालकांचे. तेथे मुकादम होऊ नका. “बघ, त्याचा मुलगा कसा काम करतो” असे म्हणालात की उपाय फसला. परीक्षेतील गुणांचा विषय त्या अर्ध्या तासात काढायचा नाही. मूल बोलू लागले तर मध्येच उपदेश न करता ऐकून घ्या.

मात्र प्रत्येक अबोला श्रमदानाने सुटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा कानावर आली, तर एक दिवसही थांबू नका आणि मुलाला एकटे सोडू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घरातील भिंतीवर लिहून ठेवा.

बाकी घरांसाठी औषध ठरलेले आहे. रविवारी सकाळी अर्धा तास, हातात बॅटरी, आणि सोबत आपले मूल.