गिअरबॉक्सची शीळ आणि मैफलीतला गळा

गाडीने वेग घेतला की कुठूनतरी बारीक शीळ ऐकू येते. ती गिअरबॉक्सची, टायरची की पंख्याची? चाकणच्या पट्ट्यात गाड्या घडवणाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागतं, कारण दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय तो दुरुस्त कसा करणार? मायक्रोफोनमध्ये तर सगळे आवाज एकमेकांत मिसळूनच उतरतात.

त्यांना वेगळं करायला अंकगणित धावून येतं. समजा, शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ५०. त्यावरच्या गिअरला २० दाते असतील तर दात दाताला सेकंदाला हजार वेळा भिडतो. म्हणून शीळ १००० हर्ट्झची. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात याच वेगाला सेकंदाला १०० स्फोट होतात. वेग वाढवत नेला की या दोन्ही आवाजांच्या रेषा आलेखावर त्याच प्रमाणात वर चढतात. एखाद्या पत्र्याची स्वतःची थरथर मात्र जागची हलत नाही. चालीवरून चोर ओळखण्याच्या या पद्धतीला ‘ऑर्डर अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत वाहनांच्या आवाजाच्या आणि कंपनांच्या चाचण्या होतात, त्यात हे रोजचं काम.

आता याच आलेखावर ख्यालाची मैफल उतरवून पाहावी. वेळ आडवी, स्वराची उंची उभी. तानपुऱ्याचे स्वयंभू स्वर आडव्या, स्थिर रेषांसारखे दिसतात. तबल्याच्या चाटेवरचा बोल क्षणभराची उभी रेघ उमटवून विरतो. गळा मात्र मींडेत वळतो, गमकेत हिंदकळतो. आडवं, उभं आणि वळणारं असा भेद संगणकाला करता आला की वेगळं करण्याचं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं फार अवघड आहे. इंजिनाचे फेरे मोजायला मीटर असतो, गायकाच्या पुढच्या स्वराला तो नाही. शिवाय साथीची पेटी गळ्याच्या मागोमाग तेच स्वर वाजवते; दोघांच्या रेषा एकमेकींवर चढतात. या पेचावर पवईच्या आयआयटी मुंबईत विश्वेश्वर राव आणि प्रा. प्रीती राव यांनी काम केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातली युक्ती मोठी सुरेख आहे: एकाऐवजी दोन स्वरांचा माग एकाच वेळी ठेवायचा आणि त्यातला जो अधिक अस्थिर, तो गळा मानायचा. पेटीची पट्टी दाबली की स्वर तिथेच राहतो, माणसाचा गळा तसा राहत नाही. गायकीचं जे सौंदर्य, तीच इथे ओळखीची खूण ठरते.

देहू-आळंदीच्या भजनात अडचण आणखी वेगळी. टाळाचा नाद वरच्या पट्ट्यांत सर्वदूर पसरतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांची धारही तिथेच असते. टाळ पुसायला जावं तर अभंगातले शब्द बोथट होतात.

अलीकडची साधनं असे नियम हाताने लिहून घेत नाहीत, उदाहरणांवरून शिकतात. गळा आणि वाद्यं वेगवेगळी ध्वनिमुद्रित केलेली गाणी घ्यायची, ती मिसळायची आणि मूळ पुन्हा वेगळं काढायला संगणकाला सांगायचं. चूक किती झाली ते मोजायचं, सुधारायचं, पुन्हा करायचं. ‘डीझर’ कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ हे साधन सर्वांना मोफत खुलं केलं. जॉन लेनन यांच्या सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटवर आवाजात पियानो मिसळला होता. अशाच तंत्राने तो आवाज वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ बाहेर आलं.

पण शिकवणीची उदाहरणं कुणाची, यावर सारं अवलंबून आहे. या संशोधनात सर्रास वापरला जाणारा ‘एमयूएसडीबी१८’ हा संग्रह १५० गाण्यांचा आहे आणि त्याचे कप्पे चार: गायन, ड्रम, बेस आणि इतर. यात पखवाज कुठे बसवायचा? डग्ग्याचा घुमारा बेस समजायचा की ड्रम? तानपुरा, पेटी, सारंगी सगळी ‘इतर’मध्ये कोंबली जाणार. आपल्या संगीतासाठी हे कप्पे अपुरे आहेत, आणि ते आपल्याच ध्वनिमुद्रणांनी वाढवायला हवेत.

त्याला मोठा खर्च नाही. पिंपरी-चिंचवडचा स्वरसागर महोत्सव असो की चिंचवडचा मोरया गोसावी संजीवन समाधी सोहळा, मंचावरच्या प्रत्येक माइकचा आवाज मिक्सरपर्यंत स्वतंत्र वाटेनेच येतो. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर तो तसाच वेगवेगळा साठवता येतो. शेजारच्या वाद्याचा थोडा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो खरा, तरी एकत्र केलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा हा ऐवज कितीतरी मोलाचा. आयोजकांनी कलावंतांची रीतसर परवानगी घ्यावी आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांना एवढंच सांगावं: मिसळलेलं गाणं तर ठेवाच, पण त्यासोबत प्रत्येक माइकची स्वतंत्र फाइलही जपून ठेवा.